पिल्लाच्या तोंडावर अचानक आलेले चट्टे: तुमचे अनुभव लिहा

पावसाळा सुरू झाला की ज्यांच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आहे त्यांच्याकडून एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. डोळ्याशेजारी किंवा नाकाडावर रुपयाएवढी केस गेलेली जागा आणि खाली प्रश्न, "काल नव्हतं, आज दिसतंय, काय लावू?" उत्तरंही ठरलेली: हळद-खोबरेल, कडुनिंब, नाहीतर घरात पडलेलं गजकर्णाचं मलम. म्हणून हा धागा. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा, पण 'आमचा बरा झाला' एवढ्यावर थांबू नका. चट्टा कुठे होता, खाजत होता का, डॉक्टरांनी काय तपासलं आणि शेवटी निघालं काय, ते लिहा. औषधांचे डोस मात्र कुणीही टाकू नका. तुमच्या तीस किलोच्या कुत्र्याचा डोस बघून कुणीतरी तीन किलोच्या पिल्लाला देईल.

कोथरूड

आमची लॅब्रेडॉर तेव्हा चार महिन्यांची. डाव्या डोळ्याच्या वर केस विरळ झाले, मग तिथे सपाट राखाडी चट्टा आणि त्यावर बारीक कोंडा. ओठाच्या कोपऱ्यात दुसरा. खाज अजिबात नाही, खाणं-खेळणं जोरात.

डॉक्टरांनी ब्लेडची धार आधी बोथट केली, त्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेतला, चट्ट्याची कातडी चिमटीत दाबली आणि हळूहळू खरवडत राहिले, रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. ती कुंईकुंई करायला लागली तसा माझा नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बघायला बोलावलं. विडीसारखे लांबट किडे, पुढच्या भागात आखूड पायांच्या जोड्या, आणि ते पाय चक्क हलत होते! डेमोडेक्स. हे केसांच्या मुळाशी राहतात, जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला बिलगून दूध पिताना पिल्लाकडे येतात. बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर थोडेफार असतातच. पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असली की बळावतात. माणसाला लागत नाहीत.

उपचार जवळपास काहीच नाही. जंताचं औषध, नीट खाणं आणि महिन्याने पुन्हा खरवडून बघायचं. मोजकेच चट्टे असतील तर बहुतेक पिल्लांचं दोनेक महिन्यांत आपोआप जातं, म्हणाले. तसं ते गेलंही. अंगभर पसरलं असतं तर गोष्ट वेगळी, मग गोळ्या चालू कराव्या लागतात. एकच ताकीद होती: स्टेरॉइड असलेलं कुठलंही मलम लावायचं नाही, किडे आणखी माजतात.

सातारा, वाईजवळ

ताई, तुमच्याकडं खाज नव्हती, आमच्याकडं रात्र रात्र पिल्लू झोपेना. रानातल्या वस्तीवरचं गावठी पिल्लू. डोळ्याभोवतीचे केस गेलेले, कानाच्या कडा जाड आणि खडबडीत, वर खपली. गावात यावर एकच औषध, गॅरेजमधलं जळकं ऑइल. चुलते डबा घेऊन आलेच होते. आईनं अडवलं, म्हणाली ते दिवसभर अंग चाटतंय, हे सगळं पोटातच जाणार की.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळली, तर पिल्लाचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला. म्हणाले, खरूज. खरवडून किडा सापडला नाही, पण या खरजेत तो बऱ्याचदा सापडतच नाही. औषध देऊन फरक बघायचा. आईच्या हातावर आणि माझ्या पोटावर पुरळ होतं, त्याचाही उलगडा झाला. हा किडा माणसाला त्रास देतो, पण माणसावर फार दिवस टिकत नाही. पिल्लू बरं झालं तसं आमचंही गेलं. वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांना एकदम औषध द्यावं लागलं, नाहीतर ते फिरून येतं.

अजून एक. गाई-म्हशींसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजानं कुत्र्याला टोचणारे लोक आमच्या भागात आहेत. कोली जातीच्या किंवा त्या रक्ताच्या बऱ्याच कुत्र्यांना ते मेंदूपर्यंत पोचतं, तोल जातो, झटके येतात, जीवही जातो. गावठी कुत्र्यात कुणाचं रक्त आहे हे कुणाला माहीत?

ठाणे

आमचा चट्टा नाकाडावर. कडा लालसर, मधे खवले, केस मुळाशी तुटलेले. घरात मांजराचं पिल्लू आणल्यानंतर थोड्याच दिवसांत दिसला, आणि मग मुलीच्या मानेवर गोल कडं उठलं. जांभळ्या दिव्याखाली पिल्लाचं नाक चमकलं नाही म्हणून आम्ही खूश. डॉक्टर म्हणाल्या, गजकर्णाच्या सगळ्या बुरश्या चमकत नाहीत, केस कल्चरला पाठवू, म्हणजे त्यावर बुरशी उगवते का ते लॅबमध्ये बघतात. अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. पॉझिटिव्ह आला. मांजराचाही आला, आणि मांजराच्या अंगावर एक डाग नव्हता!

औषधापेक्षा घर साफ करण्यात आमचा घाम निघाला. बुरशीचे कण गळलेल्या केसांना चिकटून दीड वर्षापर्यंत तग धरू शकतात. सोफ्याची कव्हरं, गाडीची सीट, गळ्यातला पट्टा. रोज व्हॅक्यूम, फरशी आधी साबणाने धुवायची आणि मग पातळ ब्लीचने पुसायची. पिल्लू आणि मांजर एका खोलीत बंद, दाराबाहेर मुलगी रडतेय. लिफ्टमधल्या शेजाऱ्यांच्या नजरा वेगळ्याच.

मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याआधी औषधाच्या दुकानात एक ट्यूब पुढे केली होती, तिच्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल लिहिलेलं. म्हणजे स्टेरॉइड. त्याने लाली उतरते, बुरशी मात्र पसरत राहते. घरातल्या ट्यूबा एकदा उलट्या करून वाचाच.

नागपूर

आमचा गोल्डन रिट्रीव्हर, अडीच महिन्यांचा. रात्री बरा होता, सकाळी थोबाड सुजलेलं. पापण्या, ओठ, हनुवटी. दुपारपर्यंत पुटकुळ्या, मग त्या फुटून पू. जबड्याखाली दोन्हीकडे गाठी, अंगात ताप, खाणं बंद. एका ठिकाणी अँटिबायोटिक दिलं, काही फरक नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी न फुटलेल्या पुटकुळीतला पू काचेवर घेतला. पेशी भरपूर, जंतू नाहीत. खरवडून डेमोडेक्स नसल्याची खात्री केली आणि मगच नाव घेतलं: पपी स्ट्रँगल्स. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते असं मानतात.

यावर औषध कोणतं, तर प्रेडनिसोलोन. हो, स्टेरॉइडच, आणि चांगल्या मात्रेत. लेकरू लवकरच वाटीला तोंड लावायला लागलं. सूज उतरली की औषध बंद करायचा मोह होतो, पण मात्रा हळूहळूच उतरवावी लागते, नाहीतर पुन्हा उफाळतं. नाकाच्या एका बाजूला केस परत आले नाहीत, तेवढी खूण राहिली.

कोल्हापूर

अहो, पण कोथरूडच्या ताईंना स्टेरॉइड बंद आणि नागपूरवाल्यांना तेच औषध? आमच्या बॉक्सरच्या हनुवटीवर लाल पुळ्या आहेत, फोटो बघून कुणी सांगेल का?

एक पशुवैद्य, पिंपरी

फोटोवरून नाही सांगणार. वरची चारही पिल्लं फोटोत थोड्याफार फरकाने सारखीच दिसली असती. दवाखान्यात आमचाही डोळा फसतो, म्हणून तोंडावर केस गेलेलं पिल्लू आलं की आधी खरवडून बघतो. काम पाच-दहा मिनिटांचं, पण ते टाळून नुसतं इंजेक्शन मारणारेही आहेत, तेव्हा तुम्हीच विचारा, "डॉक्टर, स्क्रेपिंग करणार का?" विचारलेलं आवडलं नाही तर दुसरा दवाखाना बघा.

कोल्हापूरकर, आखूड केसांच्या जातींत हनुवटीवर तारुण्यपीटिकांसारख्या पुळ्या येतात. जेवणाचं भांडं प्लॅस्टिकचं असेल तर स्टीलचं करा, खाऊन झाल्यावर हनुवटी पुसा, पुळ्या फोडू नका. तरी दाखवून घ्या, डेमोडेक्स हनुवटीवरही बसतो.

रत्नागिरी

आमच्याकडचं प्रकरण अर्ध्या तासाचं. पिल्लाने अंगणात गांधीलमाशी पकडली. ओठ टम्म, डोळे बारीक, कपाळावर गांध्या. डॉक्टरांनी फोनवर आधी दोनच गोष्टी विचारल्या: श्वास नीट घेतोय का, आणि उलटी झाली का. यातलं काही असतं तर एक मिनिट थांबायचं नव्हतं. इंजेक्शननं संध्याकाळपर्यंत उतरलं. माशी पकडायची हौस मात्र अजून आहे.

न्यू जर्सी

डे-केअरमध्ये जायला लागल्यावर आमच्या पिल्लाच्या ओठांवर आणि हिरड्यांवर फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे मस उगवले. विषाणूमुळे येतात, एका कुत्र्याकडून दुसऱ्याला, माणसाला नाही. काही महिन्यांत आपोआप गळतात, आमचे गळले. तोवर डे-केअर बंद.

दादर

मी रस्त्यावरच्या पिल्लांना खाऊ घालते. त्यांच्या तोंडावरचे चट्टे बहुधा खरजेचे नाहीतर गोचिडांच्या चाव्यांचे निघतात; परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेते. पण एका पिल्लाचं नाक-डोळे चिकट स्रावाने भरलेले, पोटावर पूच्या पुटकुळ्या आणि जबडा मधूनच थडथडायचा. तो डिस्टेंपर होता, कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार. ते गेलं. त्याच्या भावंडांना वेळेवर लस मिळाली, त्यातलं एक आत्ता माझ्या पायाशी आहे. घरी नवं पिल्लू आणणाऱ्यांनो, कातडीच्या गडबडीत लसीची तारीख विसरू नका.

कोल्हापूर

भांडं बदललं. उद्या संध्याकाळची वेळ घेतलीय. वास मारतोय, आंघोळ घालून नेऊ का? बायको म्हणते, तोवर थोडी हळद तरी लावू.

एक पशुवैद्य, पिंपरी

दोन्ही नको. शाम्पूने वरचे खवले धुऊन जातात आणि हळदीने सगळंच पिवळं दिसतं. आहे तसाच न्या. आधी काही लावलं असेल तर त्याची ट्यूब सोबत ठेवा, आणि चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घाला. वहिनींना सांगा, हळद दुधात चालेल, तुमच्या.