शब्दचर्चा : ॲन्सिबलमधलं 'कॉपी' म्हणजे नक्कल का?

वेलांटी : ॲन्सिबल म्हणजे एका मशिनवरून अनेक सर्व्हरची मांडणी करणारं साधन. त्यावरच्या मराठी टिपणासाठी 'कॉपी' मोड्यूलला (फाइल पाठवणाऱ्या तयार घटकाला) 'नक्कल' आणि त्यातल्या 'रिमोट_एसआरसी' या पर्यायाला 'दूरस्थ स्रोत' असे शब्द योजले आहेत. दोन्ही वाचून कामाचा पत्ता लागत नाही. सर्व्हरवरची फाइल त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिरेक्टरीत न्यायला गेलं तर 'कुड नॉट फाइंड ऑर ॲक्सेस… ऑन द ॲन्सिबल कंट्रोलर' अशी एरर येते. लॉगिन करून पाहावं तर फाइल जागेवरच असते. मग 'दूर' कोण आणि कोणापासून?

शेलपाणी : 'अलीकडचा' आणि 'पलीकडचा' हे शब्द घ्या, गाठ सुटेल. ज्या मशिनवरून 'ॲन्सिबल-प्लेबुक' ही कमांड (प्लेबुक म्हणजे कामांची यादी) चालवता तो अलीकडचा काठ, सर्व्हर पलीकडचा. 'एसआरसी', म्हणजे उचलायच्या फाइलीचा पाथ, याबद्दल वेगळं काही सांगितलं नाही तर तो अलीकडचाच धरला जातो, आणि पाथ अर्धवट असेल तर रोलच्या (एका कामाच्या फाइलींच्या गठ्ठ्याच्या) 'फाइल्स' डिरेक्टरीतही शोधला जातो. 'कॉपी'मध्ये 'डेस्ट' (पोचवायची जागा) कायम पलीकडचा. 'रिमोट_एसआरसी: ट्रू' म्हणजे उचलायचीही पलीकडूनच. लॉगिन करून पाहणारा माणूस नदी ओलांडून गेलेला असतो, ॲन्सिबल मात्र अलीकडेच उभं राहून शोधत असतं. त्या एररच्या पुढच्याच वाक्यात 'रिमोट_एसआरसी' पाहा असं लिहिलेलं असतं, पण लाल अक्षरं दिसल्यावर तिथवर वाचतो कोण!

उलट दिशेला 'फेच', म्हणजे 'आणणे'. आणलेली फाइल 'डेस्ट'मध्ये थेट पडत नाही. आधी होस्टच्या नावाची डिरेक्टरी, तिच्यात सर्व्हरवरचा पूर्ण पाथ, मग फाइल. त्यामुळे १० सर्व्हरवरच्या एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर चढत नाहीत. 'फ्लॅट: ट्रू' केलं की हा आडोसा गेला.

वेलांटी : पण 'अलीकडची फाइल' म्हणजे हल्लीची, नवी फाइल असंही वाचलं जाईल.

शेलपाणी : खरं आहे. 'अलीकडच्या मशिनवरची' असं पूर्ण लिहा.

मोडीवाचक : 'नक्कल'बद्दल. सातबाऱ्याची नक्कल मागितली की दर वेळी नवा कागद हातात पडतो. 'कॉपी' तसं करत नाही. दोन्हीकडच्या फाइलींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) आधी ताडून पाहतं. मजकूर, मालकी आणि परवानग्या जुळल्या तर 'ओके' म्हणून पुढे जातं, एखादी गोष्ट वेगळी असली तरच 'चेंज्ड'. म्हणून 'जुळवणी' म्हणावं. नुसतं 'कॉपी' ठेवलं तर आपल्याकडे आधी परीक्षेतली चिठ्ठीच आठवते, तो भाग निराळा.

शेलपाणी : 'जुळवणी'ला माझी हरकत आहे. अलीकडच्या डिरेक्टरीतून एक फाइल काढून टाका आणि पुन्हा 'कॉपी' चालवा. सर्व्हरवरची जुनी फाइल तशीच राहते. 'कॉन्फ.डी'सारख्या डिरेक्टरीत हे महागात पडतं, कारण एनजिनएक्स (वेब सर्व्हर) काढलेली आणि नवी अशा दोन्ही फाइली वाचतं आणि प्लेबुक मात्र हिरवं दिसतं. उरलेलं पुसून खरी जुळवणी करायची तर 'सिंक्रोनाइझ' मोड्यूल घ्या आणि त्यात 'डिलीट: ट्रू' द्या. आत आरसिंक ही फाइली जुळवणारी कमांडच असल्यामुळे ते दोन्ही काठांवर हवं. फाइली शेकड्यांत गेल्या तरी हाच रस्ता, कारण 'कॉपी' एकेक फाइल स्वतंत्र तपासतं आणि रेंगाळतं. 'कॉपी'ला 'पोचवणे' पुरे.

मोडीवाचक : 'पोचवणे' मान्य. मग 'सिंक्रोनाइझ'ला 'जुळवणी' द्या, शब्द वाया जायला नको.

वेलांटी : 'एसआरसी'च्या शेवटी तिरकी रेघ असण्या-नसण्याने फरक पडतो, तो मराठीत कसा सांगावा?

मोडीवाचक : 'डब्यासकट' आणि 'डब्यातलं'. रेघ नसेल तर डिरेक्टरी डब्यासकट जाते, रेघ दिली तर फक्त आतलं. 'एसआरसी: साइट' आणि 'डेस्ट: /एसआरव्ही/साइट' असं लिहिलं की सर्व्हरवर '/एसआरव्ही/साइट/साइट' तयार होतं, ते यामुळेच. आणखी एक. एकच फाइल पाठवताना 'डेस्ट'मध्ये फाइलीचं नाव दिलं असेल आणि वरची डिरेक्टरी नसेल तर 'कॉपी' ती बनवत नाही, टास्क पडतो. आधी 'फाइल' मोड्यूलने 'स्टेट: डिरेक्टरी' करून घ्या.

शेलपाणी : शब्दांचं चाललंच आहे तर अवतरणचिन्हही घ्या. व्याकरणात ते दुसऱ्याचं बोलणं दाखवतं, इथे 'हा आकडा नाही, अक्षरं आहेत' असं सांगतं. परवानग्यांचा अष्टमान आकडा म्हणून 'मोड: ६४४' असं उघडं लिहिलं की ते दशमान धरलं जातं, आणि दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४. फाइल पोचते, पण मालकाला फक्त लिहिता येतं, गटाला काहीच नाही, इतरांना वाचता येतं, वर स्टिकी बिट (परवानग्यांमधली एक जादा खूण) चढलेला. सर्व्हिस चालू होत नाही आणि माणूस कॉन्फिगरेशनमधल्या चुका शोधत बसतो. '०६४४' असं शून्यासकट आणि अवतरणात लिहा.

वेलांटी : आणि 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर? त्या फाइलवर कोणाचं काम चाललंय असं वाटतं.

शेलपाणी : 'बिझी'चं भाषांतर 'व्यग्र' केलं की हीच फसगत होते. 'कॉपी' जुन्या फाइलीत लिहीत नाही. बाजूला तात्पुरती फाइल तयार करतं आणि नाव बदलून ती जुनीच्या जागी बसवतं. डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम बंदिस्त चालवायच्या खोक्यात) एखादी फाइल एकटीच बाइंड माउंट केलेली, म्हणजे बाहेरच्या मशिनवरून आत जोडलेली, असेल तर आतून तिची जागा कोणाला घेता येत नाही. म्हणून इथे 'अडकलेली' म्हणा. 'अनसेफ_राइट्स: ट्रू' दिल्यावर ॲन्सिबल थेट जुन्या फाइलीत लिहितं, पण मध्येच तुटलं तर फाइल अर्धवट राहते. त्यापेक्षा फाइलऐवजी तिची डिरेक्टरी माउंट करणं बरं.