मदत हवी आहे: एनबीए ऑल-स्टारचे राखीव खेळाडू कोणत्या निकषावर निवडावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र दरवर्षी ऑल-स्टारसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी, आपापली यादी करतो. सुरुवातीचे पाच खेळाडू ठरवताना चाहत्यांची मतं ५० टक्के, खेळाडूंची २५ आणि पत्रकारांची २५ टक्के धरतात. तिथे लोकप्रियता चालणारच. पण प्रत्येक कॉन्फरन्समधले (लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट) ७ राखीव खेळाडू मुख्य प्रशिक्षक निवडतात, आणि त्यांना स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत देता येत नाही. आम्ही अडतो ते इथेच.

मला सगळ्यात जास्त छळतो तो बचावाचा प्रश्न. २०१९ मध्ये रूडी गोबेअर ऑल-स्टार संघात नव्हता. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू तोच, आणि त्या मोसमातही तो किताब पुन्हा त्यालाच मिळाला! त्याबद्दल बोलताना त्याला रडू आवरलं नव्हतं, ते मी अजून विसरलेलो नाही. गुण मोजणं सोपं असतं, पण समोरच्याने बास्केटकडे यायचंच टाळलं हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

दुसरं म्हणजे दुखापती. निवडीच्या वेळेपर्यंत पंधरा-वीस सामने बाहेर बसलेल्याला घ्यावं का? माझा कल रोज मैदानात उतरणाऱ्याकडे आहे, मित्रांना ते पटत नाही.

आणि हरणाऱ्या संघातला २७ गुणांचा खेळाडू की अव्वल संघातला १९ गुणांचा?

तुम्ही बचाव कसा मोजता, कोणते आकडे बघता, ते उदाहरणासकट सांगाल का? यादी रविवारपर्यंत द्यायची आहे.