कॉन्सर्टचं प्रकरण खोटं का वाटतं
"कॉन्सर्टचं प्रकरण खोटं वाटतं, पण का ते सांगता येत नाही," असं या कथेतल्या कॉन्सर्टच्या भागाबद्दल कुणा वाचकाने म्हटलंय. मला का वाटतं ते सांगतो. मे महिना, नागपूरचं कस्तुरचंद पार्क, दिवसभर उन्हात तापलेली गिटार, आणि नायक ती उचलून थेट नायिकेसाठी गायला लागतो! तारा तापल्या की सैलावतात, सूर उतरतो; ट्यूनरवर (सूर तपासायच्या यंत्रावर) सहाही तारा पुन्हा लावाव्याच लागतात. शिवाय कानात इन-इअर मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज अन् वाद्यं ऐकवणारे, कान बंद करणारे इअरफोन) असताना गर्दीतली तिची हाक ऐकू येणं कठीणच, निदान एका कानातला काढायला तरी लावा त्याला. अन् रात्री एक वाजता एन्कोर, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या आग्रहाखातर पुन्हा गाणं? उघड्यावर लाउडस्पीकर दहाला बंद, खास परवानगी काढली तरी फार तर बारापर्यंत. भांडणं मात्र जमली आहेत बाप्पा, विशेषतः टूर बसमधलं.