खोलीचं काम काढलं आणि वायरिंग नव्यानं ओढलं: तुमचे अनुभव लिहा

मागच्या खोलीचं काम काढतोय. फरशी, रंग आणि कपाट ठरलं होतं, वायरिंग जुनंच ठेवणार होतो. पण पंख्याचा बोर्ड उघडला तर वायरचं आवरण बोट लागताच तुकडे होऊन गळायला लागलं, आणि सॉकेटांना अर्थिंगच नाही. आता डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजपेटीपासून) सगळं नवं ओढायचं आहे. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काय चुकलं तेही लिहा, त्याचाच मला जास्त उपयोग होईल.

*

प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, सगळ्यात आधी हेच सांगेन. आम्ही काढले नाहीत. गवंड्याने दुपारपर्यंत खाचा बुजवल्या, पुट्टी झाली, रंग झाला. दोन महिन्यांनी फळी लावताना ड्रिल थेट भिंतीतल्या वायरींच्या पाइपात गेलं. ठिणगी उडाली, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडली, सुदैवाने कुणाला काही झालं नाही. बोर्डापासून पाइप सरळ वर गेला असेल असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात वायरमनने वेळ वाचवायला तो तिरका नेला होता. पाइप उभा किंवा आडवाच नेऊन घ्या, तिरका अजिबात नको. आणि फोटो काढताना भिंतीला मेजरिंग टेप लावून धरा, म्हणजे कोपऱ्यापासून किती अंतरावर काय आहे ते नंतरही कळतं. दुसऱ्या खोलीच्या वेळी असे फोटो काढले होते, आजवर चार वेळा उपयोगी पडले.

*

आमची गोष्ट न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरची. नव्या खोलीसाठी डीबीत वेगळी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवली. सगळं जोडून झालं आणि पंखा लावला की ती पडायची. छोटा नाइट लॅम्प लावला तर काही नाही, पंखा लावला की खट्. पंखा बदलला, रेग्युलेटर बदलला, शेवटी आरसीसीबीच खराब आहे म्हणून तीही बदलली. चार दिवस गेले.

मग दुसऱ्या एका जाणत्या वायरमनने पंख्याचा बोर्ड उघडला. फेज (करंट आणणारी वायर) नव्या लाइनची होती, पण न्यूट्रल जवळ पडते म्हणून शेजारच्या खोलीच्या जुन्या बॉक्समधून घेतली होती. आरसीसीबी आपल्यातून गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहते. पंख्याचा करंट तिच्यातून जात होता आणि परत मात्र दुसऱ्या वाटेने येत होता. तिच्या दृष्टीने ती गळतीच. नाइट लॅम्पचा करंट इतका कमी की फरक तिच्या मर्यादेच्या आत राहायचा. नवी न्यूट्रल डीबीपासून ओढल्यावर आजतागायत ती विनाकारण पडलेली नाही. खोलीची फेज ज्या आरसीसीबीतून येते, न्यूट्रलही तिच्यातूनच यायला हवी. काम चालू असताना शेजारी उभं राहून हे विचारा, वायरमनला राग आला तरी चालेल.

*

एक जास्तीचा पाइप रिकामा टाकून आत नायलॉनची दोरी ठेवा. आम्ही नंतर त्यातूनच इंटरनेटची केबल ओढली. ती विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपात घालू नका. आणि वळणावर काटकोनी एल्बो नको, लांब बेंड लावायला सांगा; एल्बोत वायर अडते आणि ओढताना आवरण सोलतं.

*

वरच्या सगळ्यांशी सहमत. माझ्या आईला रात्री दोनदा उठावं लागतं आणि दिव्याचं बटण दाराशी होतं. अंधारात ती भिंत चाचपत जायची. खोली उघडलीच होती म्हणून पलंगाशी आणि दाराशी असा टू-वे स्विच करून घेतला, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून लावता येतो. त्यासाठी दोन स्विचांमध्ये जास्तीच्या वायरी लागतात, खाच उघडी असताना ते सोपं जातं. सॉकेटही तिला वाकावं लागू नये म्हणून कमरेच्या उंचीवर घेतले. खडूने भिंतीवर पलंग, टेबल आणि कपाट आखून मगच पॉइंट ठरवले. नाहीतर निम्मे सॉकेट कपाटामागे गेले असते.

*

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एसी चालू झाला की आमची एमसीबी पडायची, तर एकाने सरळ मोठ्या अँपिअरची बसवून दिली. पडणं थांबलं, आम्ही खूश. पण लाइन दिव्यांची, १.५ स्क्वेअर एमएमची. एसीशिवाय इस्त्री आणि हीटरही त्याच लाइनवर. काही आठवड्यांनी बोर्डाजवळ जळका वास यायला लागला. उघडलं तर जोडाजवळ आवरण काळं पडलेलं. एमसीबी भिंतीतल्या वायरला जपण्यासाठी असते. ती मोठी केली की वायर तापली तरी पडत नाही. आता दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि एसीला डीबीपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची लाइन आहे, मध्ये कुठेही जोड नाही. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला नवी तांब्याची वायर नुसती पिळून जोडली असेल तर तेही शोधून काढा, असे जोड सैल होतात आणि तापतात.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूट्रलचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. आज खडूने भिंती आखल्या, पलंगाशी टू-वे नक्की केला. बाबांनाही रात्री उठावं लागतं. एक विचारायचं आहे: प्लास्टरआधी मेगरने (वायरचं आवरण धड आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्यायला कुणी वायरमनला सांगितलं होतं का?

*

हो, आम्ही सांगितलं होतं. वायरी ओढून झाल्यावर, बल्ब आणि उपकरणं जोडण्याआधी, ५०० व्होल्टवर. एका लाइनचं रीडिंग १ मेगाओमच्याही खाली आलं. ओढताना एका बॉक्सच्या धारेला वायर सोलली गेली होती. खाच उघडी होती म्हणून ती वायर तासाभरात बदलून झाली.