खो खो हसवणारी पुस्तकं: कोणतं वाचलंत आणि कुठे फुटलात?

शेवंती
काल लोकलमध्ये समोरची कॉलेजातली मुलगी पुस्तक तोंडासमोर धरून हसत होती, खांदे नुसते गदगदत होते. उतरताना नाव दिसलं: चिमणरावांचे चऱ्हाट! तिच्या पणजीच्या वेळचं पुस्तक हो. आमचे अण्णा रात्री जेवणं झाली की तेच वाचून दाखवायचे. दाखवायचे कसले, गुंड्याभाऊ आला की यांचं वाक्यच पुरं व्हायचं नाही. चष्मा काढायचा, धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी आई पुस्तक ओढून घ्यायची आणि किराणा मालाची यादी वाचावी तशा आवाजात पुढचं वाचायची. मग तर आम्ही आडवेच. ते लिहिणारे चि. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते, हे फार नंतर कळलं.
तर सांगा. नुसतं गालात हसवणारं नको.

रात्रपाळी
मिरासदार. विषय संपला.

रात्रपाळी
बरं, नीट लिहितो, चहा आला. भोकरवाडीच्या गोष्टी. नाना चेंगट आणि बाबू पैलवान चावडीवर बसून एखाद्या फालतू गोष्टीचा कीस काढतात ना, तशी माणसं आमच्या गावात अजून आहेत. फक्त आता मोबाइल घेऊन बसतात.

टाकेवाला
हर्नियाच्या ऑपरेशननंतर मेव्हण्याने 'वेळ जाईल' म्हणून बटाट्याची चाळ आणून दिली. 'उपास' काढला. पंतांचं वजन उतरेना आणि इकडे माझे टाके. हसू येतंय, दुखतंय, दुखतंय म्हणून आणखी हसू. सिस्टर आल्या, पुस्तक घेऊन गेल्या. दुपारी त्यांच्याच टेबलावरून हसण्याचा आवाज!

माई_डोंबिवली
@टाकेवाला 😂😂 मेव्हण्याचं जुनं काही येणं होतं का?

सरळसोट
राग मानू नका, पण मला पुलं वाचून हसू येत नाही. ऐकून येतं. म्हैस छापील वाचली तर ठीकठाक, त्यांच्या तोंडून ऐकली तर गाडी बाजूला घ्यावी लागते.

माई_डोंबिवली
अहो, वाचतानाही त्यांचाच आवाज कानात असतो ना! निदान आमच्या पिढीच्या तरी. माझी नात न्यू जर्सीत, तिला चाळ म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. पण सखाराम गटणेला मात्र ती हसली. म्हणते, आजी, असा एक मुलगा आमच्या मराठी शाळेत आहे.
कुकर झाला, येते.

खिडकीबहाद्दर
पुस्तक नव्हे, पण 'आवाज'च्या दिवाळी अंकाचं नाव कुणीच कसं काढलं नाही? १९५१ पासूनचा. त्यातली ती खिडकीचित्रं! वरच्या पानाला कापलेल्या चौकोनातून भलतंच दिसायचं, पान उलटलं की निघायचं अगदी सोज्वळ. आमच्याकडे अंक कपाटात वर, धुतलेल्या चादरींच्या खाली. चादरी सारख्या विस्कटलेल्या असायच्या, आणि आईला वाटायचं मांजर.

रात्रपाळी
मांजर 😂

ओसरी
जयवंत दळवींचं सारे प्रवासी घडीचे. कोकणातला असाल तर प्रत्येक पानावर एक काका भेटतो. सावधान मात्र: हसता हसता मध्येच घशात काहीतरी अडकतं. चाळीच्या शेवटच्या 'चिंतना'त होतं तसंच. निव्वळ हसायचं असेल तर दळवींनीच 'ठणठणपाळ' या टोपणनावाने लेखकांची खेचत लिहिलेलं सदर, वसंत सरवट्यांच्या चित्रांसकट. तो भलामोठा हातोडा! पण त्या काळचे लेखक माहीत असतील तरच अर्धे टोले कळतात. अत्र्यांच्या विडंबन कवितांचं, 'झेंडूच्या फुलां'चंही तेच. रविकिरण मंडळाच्या कविताच वाचलेल्या नसल्या, तर अत्रे कुणाची टोपी उडवताहेत ते कसं कळणार?

नवखी२१
कोल्हटकरांचं सुदाम्याचे पोहे जमेल का मला? भाषा जड आहे म्हणतात.

ओसरी
पहिली काही पानं जड जातील. मग बंडूनाना आणि पांडुतात्या सांभाळून घेतात. नाहीतर आधी गडकऱ्यांचं ठकीचं लग्न वाच. ते कोल्हटकरांचेच शिष्य, पण हात मोकळा.

शेवंती
यादी करतेय. आमचं चऱ्हाट कुणीतरी नेलंय. पहिल्या पानावर अण्णांची सही आहे, निळ्या शाईत.

टाकेवाला
मेव्हण्याला विचारा.

माई_डोंबिवली
आले परत. भात लागला, तुमच्यामुळे. गुंड्याभाऊ म्हटलं की मला बाळ कर्वेच दिसतात, आणि चिमणराव म्हणजे प्रभावळकर. कुणाला दूरदर्शनवरची ती मालिका आठवते का? आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा.

सरळसोट
आठवते तर! पण पुस्तकांच्या धाग्यात टीव्ही आणलात, आता ओसरी ओरडणार.