क्रिप्टो डेबिट कार्डची फी आपल्यासारख्यांना परवडते का?

प्रश्न – चिल्लरखाते
मंडळी, एक सरळ प्रश्न. क्रिप्टोचं डेबिट कार्ड घ्यायचा विचार चाललाय, जाहिरातीत मोठ्या अक्षरात "झिरो फी" लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात एटीएम चार्ज, फॉरेक्स चार्ज, कार्ड वापरलं नाही तर दर महिन्याला वेगळा चार्ज, असं काय काय आहे. माझा वापर किरकोळ, रोजचे छोटे छोटे पेमेंट. मग हे न्याय्य आहे का, की मोठ्या रकमा फिरवणाऱ्यांसाठीच आहे सगळं?

हिशेबी_मावशी
अरे बाबा, फीचा तक्ता बघू नकोस, रेट बघ. तू कार्ड स्वाइप करतोस तेव्हा दुकानदाराला नेहमीचेच पैसे मिळतात, मधल्या मध्ये तुझं कॉइन विकलं जातं आणि ते कुठल्या भावाला विकलं हे पावतीवर धड दिसत नाही. बाजारात कॉइन 100 ला असेल आणि तुझं 98.5 ला विकलं, तर झाली की दीड टक्का फी, नाव फक्त स्प्रेड. कॉइनबेस या क्रिप्टो एक्सचेंजने 2019 मध्ये ब्रिटनमध्ये कार्ड आणलं तेव्हा क्रिप्टो विकायची फी 2.49% असं उघड लिहिलं होतं. महाग होतं, पण निदान कळत तरी होतं. मला तेच बरं वाटतं.
आणि फिक्स चार्जचं गणित स्वतः करून बघ. एटीएमला अडीच डॉलर लागत असतील तर 500 काढणाऱ्याचा अर्धा टक्का जातो, 20 काढणाऱ्याचे साडेबारा टक्के. किरकोळ वापरवाल्याचं कंबरडं इथेच मोडतं.

नोडवाला
मावशी, मुद्दा मान्य, पण कंपन्यांची बाजू पण बघा ना. युरोपात 2015 च्या नियमाने डेबिट आणि प्रीपेड कार्डवर इंटरचेंज, म्हणजे दुकानदाराच्या बाजूने कार्ड देणाऱ्याला मिळणारी फी, 0.2% वर कॅप केलंय, म्हणजे दुकानदाराकडून जवळपास काहीच सुटत नाही, वर व्हिसा किंवा मास्टरकार्डचे पैसे, कार्ड देणाऱ्या बँकेचे पैसे, केवायसी, आणि कॉइनचा भाव सेकंदासेकंदाला हलतो ती रिस्क वेगळीच. फुकट कोण चालवणार? फी घ्या, फक्त लपवू नका एवढंच.

चिल्लरखाते
@नोडवाला ठीक आहे, पण मग कॅशबॅक कुठून देतात?

शांत_बुल
बऱ्याच ठिकाणी स्वतःच्याच टोकनमध्ये, म्हणजे कंपनीने काढलेल्या कॉइनमध्ये, देतात भाऊ, आणि जास्त कॅशबॅक हवा तर ते टोकन आधी विकत घेऊन सहा सहा महिने लॉक करायचं. क्रिप्टो डॉट कॉमने मे 2022 मध्ये कॅशबॅक कापायची घोषणा केली तेव्हा लोकांचं सीआरओ, म्हणजे कंपनीचं टोकन, अडकलेलंच होतं आणि भाव पण आपटला. ज्याच्याकडे लॉक करायला पैसा नाही त्याला खालचं कार्ड, म्हणजे कॅशबॅक नावापुरता.
अजून एक, रिफंड. माझ्याबरोबर झालंय म्हणून सांगतो. हॉटेलने डिपॉझिट म्हणून रक्कम होल्ड केली, कार्डने लगेच तेवढं कॉइन विकून टाकलं, होल्ड सुटल्यावर पैसे परत आले ते डॉलरमध्ये, कॉइन नाही. परत घ्यायला गेलो तर पुन्हा स्प्रेड. एक पैसा खर्च केला नाही आणि दोनदा कापलं. कस्टमर केअरचं म्हणणं, नियमात लिहिलंय!

हिशेबी_मावशी
होल्डवाल्या ठिकाणी साधं बँकेचंच कार्ड द्यायचं. आणि चिल्लरखाते, घ्यायचंच असेल तर त्यात यूएसडीसीसारखं स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरला बांधलेलं कॉइन, ठेव, भाव फारसा हलत नाही म्हणून स्प्रेड बहुतेक ठिकाणी कमी पडतो. शिवाय अमेरिकेत 2014 पासून क्रिप्टो मालमत्ता धरतात, म्हणजे बिटकॉइनने केलेलं प्रत्येक छोटं पेमेंट ही टॅक्सच्या हिशेबात एक विक्री. कोण ठेवणार त्या नोंदी? तुझ्याकडचा नियम आधी बघ.

नोडवाला
+1. आणि पहिल्या पेमेंटच्या वेळी बाजारभावाचा स्क्रीनशॉट काढून ठेव, नंतर स्टेटमेंटमध्ये कॉइन किती कापलं ते त्याच्याशी ताडून बघ. खरी फी तिथेच कळेल. एका टक्क्याच्या वर गेली तर मी तरी कार्ड बंद करीन.

चिल्लरखाते
ओके, करून बघतो. स्टेबलकॉइन टाकतानाच जो टॉप-अप चार्ज लागतो तो पण यात धरायचा का?

हिशेबी_मावशी
धरायचाच!! नेटवर्क फी पण धर, म्हणजे कॉइन पाठवताना लागते ती.