हुतात्मा चौक नीट पाहायचा तर कसा?

प्रश्न
फोर्टातला हुतात्मा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासासकट पाहायचा आहे. बरोबर शाळकरी मुलं असतील. सुरुवात कुठून करावी, किती वेळ हाताशी ठेवावा? आणि हुतात्मे 105 की 106?

फोर्टकर
रविवारी सकाळी आठच्या सुमारास पोहोचा. कचेऱ्या बंद असल्यानं गाड्या कमी असतात. एरवी मुलांना घेऊन तिथला रस्ता ओलांडणं अवघड जातं. सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी रस्त्यानं सरळ चालत या, नाहीतर चर्चगेटहून वीर नरिमन रस्त्यानं. दोन्हीकडून दहा-बारा मिनिटं. परतायच्या वेळी लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

बरेच जण कारंज्याचा फोटो काढून निघून जातात. ते स्मारक नव्हे! ते 1864 सालचं फ्लोरा फाउंटन, वर रोमन देवता फ्लोरा. जुन्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा इथंच होता, स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं. हुतात्मा स्मारक शेजारी आहे: मशाल उंचावलेले शेतकरी आणि कामगार. मुलांना आधी त्यांच्यासमोर उभं करा, कारंजं मागाहून.

मोर्चाची वाट
फोर्टकर सांगतात ते ठीक, पण चौकातच थांबू नका. 21 नोव्हेंबर 1955 चा संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा मोर्चा विधिमंडळावर निघाला होता आणि तेव्हाचं विधानभवन नरिमन पॉइंटला नव्हतं. विधिमंडळ रीगल सिनेमासमोरच्या दगडी इमारतीत भरायचं. आज तिथं राज्य पोलीस मुख्यालय आहे. आत सोडत नाहीत, बाहेरूनच दाखवा. महात्मा गांधी रस्त्यानं काळा घोडा ओलांडून गेलात की पाऊण-एक किलोमीटर. मोर्चा कुठे जाणार होता आणि कुठे अडवला गेला, हे मुलांना पायी चालूनच कळतं. सगळं मिळून दीड तास पुरे.

फोर्टकर
मोर्चाच्या वाटेचं माझ्याकडून राहिलं होतं, अगदी बरोबर.

नोंदवही
आकड्याबद्दल. घोषणांत आणि जुन्या लिखाणात 105, पुढे 106 रूढ झाला, 107 ही आढळतो. पण मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा: हे सगळे या चौकात पडले नाहीत. 21 नोव्हेंबरच्या मोर्चावरच्या गोळीबारात 15 जण गेले. 16 जानेवारी 1956 ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, त्यानंतर गिरगाव, लालबाग, परळ भागात गोळीबार झाले आणि बहुतेक बळी त्या आठवड्यातले. बेळगाव-निपाणीचीही नावं यादीत आहेत.

1 मे आणि 21 नोव्हेंबरला सकाळी शासकीय अभिवादन असतं, बंदोबस्तात जवळ जाता येत नाही. त्या दिवशी जायचंच असेल तर दुपारनंतर जा.